वराची वाक्यरचना आणि बलाढ्य पात्रांचे युद्ध

दशावतारी खेळाच्या इतिहासात राजापूर तालुक्यातील आडिवरे या गावाचे नाव नेहमी घेतले जाते. नाटे आणि जैतापूरची खाडी यांपासून ते फारसे दूर नाही. तेथील श्यामजी नाईक काळे यांनी १७२८ साली कर्नाटकातून हा खेळ कोकणात आणला, अशी परंपरा आहे. समर्थ रामदासांच्या दासबोधात मात्र दशावतारी खेळाचा उल्लेख त्यापूर्वीच, सतराव्या शतकात, आलेला आहे. तेव्हा १७२८ हे आरंभाचे वर्ष न मानता नव्या घडणीचे मानणे अधिक युक्त होय.

या खेळापुढे पहिल्यापासून एक रचनेचा प्रश्न होता. विष्णू सर्वशक्तिमान, मग त्याच्याशी कोणाचेही युद्ध रंगावे कसे? एका बाणात निकाल लागणार असेल तर प्रेक्षकाने पहाटेपर्यंत जागावे कशासाठी? पूर्वरंगातील संकासुराचे प्रकरण विनोदावर निभावते. (पुराणातील ‘शंखासुर’ लोकांच्या तोंडी ‘संकासुर’ झाला; रत्नागिरीकडील नमन-खेळ्यांतही तो याच नावाने येतो.) मुख्य आख्यानाला तेवढे पुरत नाही. तेथे पुराणांनी एक साधन आयते दिलेले आहे. ते म्हणजे वर.

हाच प्रश्न अगदी निराळ्या मार्गाने अमेरिकेत उभा राहिला. प्रशियाच्या सैन्यात राइसविट्झ पितापुत्रांनी १८१२ ते १८२४ या काळात पटावरील युद्धखेळ सिद्ध केला आणि त्यात निर्णय देणारा पंच बसविला. त्या परंपरेतून पुढे गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ साली प्रसिद्ध झाला. यात प्रत्येक खेळाडू एका वीराची भूमिका घेतो, आणि एक जण सूत्रधार होऊन शत्रू, संकटे व स्थळे उभी करतो. वीर जसजसा विजयी होतो तसतशी त्याची पातळी वाढते. काही वर्षे खेळलेला वीर इतका बलाढ्य होतो की त्याला तोलाचा शत्रू मिळेनासा होतो. शत्रू दुबळा ठेवला तर खेळ कंटाळवाणा होतो. वीराचे बळ सूत्रधाराने काढून घेतले तर खेळाडूची वर्षांची कमाई बुडते.

पहिला उपाय आकड्यांचा होता. १९७६ साली निघालेल्या पुरवणीग्रंथात निरनिराळ्या पुराणकथांतील देव प्राणांकासह मांडले गेले. त्यांत भारतीय देवताही होत्या. संपादक टिम कास्क यांनी प्रस्तावनेत हेतू स्पष्ट केला आहे: देवांची मर्यादा दाखविली म्हणजे चाळीस पातळ्यांच्या पुढे गेलेल्या वीरांचा हास्यास्पदपणा उघड होईल. परंतु ज्याला प्राणांक आहे ते संपविता येते, आणि अशा मांडणीने देवही मारण्याजोग्या शत्रूंच्या यादीत येऊन बसले. पुढे २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीने चार वीरांची तुकडी हे प्रमाण धरून प्रत्येक राक्षसाला आव्हानाची श्रेणी दिली. हे मोजमाप उपयुक्त होते. पण एकट्या राक्षसाच्या बाबतीत ते सहज फसते. चार वीर एका फेरीत चार कृती करतात, राक्षस एकच करतो. २०१४ च्या आवृत्तीत अशा राक्षसांना इतरांच्या पाळीअखेरीस जादा कृती करण्याची मुभा मिळाली. दोष बळाचा नसून पाळ्यांचा होता, याची ही कबुलीच म्हणावी लागेल.

दुसरा उपाय अटींचा. १९७५ साली एका मेळाव्यात गायगॅक्स यांनी मुरलेल्या खेळाडूंसाठी ‘टूम ऑफ हॉरर्स’ हे साहस खेळविले; १९७८ साली ते छापले गेले. त्यातील असेरेरॅक हा शेवटी निव्वळ एक कवटी उरलेला मांत्रिक आहे. मोजकी शस्त्रे व मोजके मंत्र सोडले तर त्याला कशानेही इजा होत नाही. येथे वीराचे बळ कमी केलेले नाही, शत्रूचे वाढविलेले नाही; केवळ बळाचा मार्ग अरुंद केला आहे.

हिरण्यकशिपूचा वर याच जातीचा, पण त्याची वाक्यरचना नेमकी उलट आहे. माणसाकडून नको, पशूकडून नको, दिवसा नको, रात्री नको, घरात नको, बाहेर नको, भूमीवर नको, आकाशात नको, शस्त्राने नको. वरात निषेधांची यादी आहे आणि सुटकेची वाट अनुक्त आहे. असेरेरॅकच्या वर्णनात सुटकेच्या वाटांची यादी आहे आणि बाकी सर्व निषिद्ध आहे. नरसिंह कोणतीही अट मोडत नाही. विरोधी शब्दांची जोडी सगळे जग व्यापते ही असुराची समजूत होती. संध्याकाळ आणि उंबरठा या जोड्यांच्या सांध्यात शिल्लक राहिले होते. रावणाची चूक याहून साधी. त्याच्या यादीतून माणूस तुच्छतेमुळे गळला.

दोन्ही रचनांतील खरा भेद मात्र यादी कोणास ठाऊक असते, हा आहे. वर रंगमंचावर उघड मागितला जातो. देव, असुर आणि मांडावरचे पोर, सर्वांना तो माहीत असतो. असेरेरॅकची यादी एकट्या सूत्रधाराजवळ असते, आणि खेळाडूंना ती प्राण देऊन चाचपावी लागते. ज्या अटीचा सुगावा लागण्याची सोय नाही ती आव्हान नव्हे, सापळा होय. या साहसाच्या निर्दयपणाची ख्याती झाली ती या कारणाने.

दशावतारात शेवट ठरलेला असतो, म्हणून तेथे आव्हानच नाही, असा आक्षेप येईल. तो निम्मा खरा आहे. तलवारीचा निकाल ठरलेला असतो, भाषणाचा नसतो. आख्यानाला लिखित संहिता नाही. कथेचा सांगाडा तेवढा आधी सांगितला जातो, संवाद नट जागच्या जागी रचतात. मुरलेला नट असुराच्या वेषात असला आणि समोर देवाच्या वेषात नवखा उभा राहिला, तर देवाला उत्तर सुचेपर्यंत झांज वाजत राहते.