विजेच्या तारेतले शेजारी : पॉवरलाइन अडॅप्टर आणि अडलेल्या गेम कन्सोलची पूर्वपीठिका

१/ राउटर पुढच्या खोलीत, गेम कन्सोल मागच्या खोलीत आणि मध्ये दोन जाड भिंती. वाय-फाय तिथवर धड पोहोचत नाही, लॅन केबल ओढायची तर भिंत फोडावी लागते. मग पॉवरलाइन अडॅप्टरची जोडी घरात येते. एक राउटरजवळच्या सॉकेटमध्ये, दुसरा कन्सोलजवळ. भिंतीतली विजेची वायरच केबल होते. अडॅप्टरवरचे दिवे लागतात, तरी खेळ मात्र ऐन रंगात तुटतो. दोष कन्सोलचा, राउटरचा की तारेचा? या प्रश्नाला शंभर वर्षांहून जुनी पूर्वपीठिका आहे. #धागा #इतिहास

२/ एकाच तारेवरून एकाहून अधिक संदेश वेगवेगळ्या वारंवारतांवर पाठवता येतात, हे अमेरिकी लष्करातील अभियंता जॉर्ज ओवेन स्क्वायर यांनी १९१० च्या सुमारास टेलिफोनच्या तारेवर दाखवून दिले. पुढे हीच कल्पना विजेच्या तारेकडे वळली. १९२२ मध्ये ‘वायर्ड रेडिओ’ ही कंपनी निघाली. ग्राहकाच्या घरी विजेच्या तारेतून संगीत पोहोचवावे, असा तिचा बेत होता. न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंड भागात त्याचे प्रयोगही झाले.

३/ तोवर आकाशवाणीचे संच घरोघरी आले आणि फुकट मिळणाऱ्या संगीतापुढे तारेतले विकतचे संगीत टिकले नाही. १९३४ मध्ये कंपनीने ‘म्यूझॅक’ हे नाव घेतले आणि टेलिफोनच्या तारांवरून हॉटेले व दुकाने यांना संगीत पुरवण्याचा मार्ग धरला. घरगुती विजेच्या तारेचा पहिला मोठा बेत असा बाजूला पडला.

४/ वीज कंपन्यांनी मात्र ही विद्या सोडली नाही. १९२० च्या दशकापासून उच्चदाब वाहिन्यांवरून दोन उपकेंद्रांमधले संभाषण होऊ लागले. आजही महाराष्ट्रातील अनेक उपकेंद्रांत वाहिनीच्या तोंडाशी एक मोठे वेटोळे टांगलेले किंवा उभे केलेले दिसते. तो ‘वेव्ह ट्रॅप’. वीज त्यातून सहज जाते, संदेशाची उच्च वारंवारता मात्र अडते. संदेश उपकेंद्रातील यंत्रसामग्रीत जिरू नये, म्हणून ही तजवीज. हे वेटोळे लक्षात ठेवावे, पुढे कन्सोलपाशी त्याचे भावंड भेटणार आहे.

५/ घराच्या आत ही विद्या खऱ्या अर्थाने शिरली ती १९७५ मध्ये. स्कॉटलंडमधील ग्लेनरॉथेस येथील पिको इलेक्ट्रॉनिक्सने ‘एक्स-१०’ ही पद्धत विकसित केली. एका खोलीतले बटण दाबून दुसऱ्या खोलीतला दिवा लावायचा, तोही नवी वायर न टाकता. प्रत्यावर्ती विजेचा दाब दर आवर्तनात दोनदा शून्यावर येतो. त्या शांत क्षणी १२० किलोहर्ट्झचा अगदी अल्पकाळ टिकणारा संदेश सोडायचा, ही तिची युक्ती.

६/ एक्स-१० ने पुढील सर्व अडचणींची ओळख करून दिली. अमेरिकी घरात विजेच्या दोन बाजू असतात. एका बाजूचा संदेश दुसरीवर क्षीण होऊन पोहोचे. दूरचित्रवाणी संचातले फिल्टर संदेश गिळून टाकीत. एकाच ट्रान्सफॉर्मरवरच्या दोन शेजाऱ्यांनी एकच ‘हाउस कोड’ निवडला, तर एकाने बटण दाबताच दुसऱ्याचा दिवा लागू शके. तार घरमालकाची असली, तरी तिच्यावरची वस्ती त्याच्या एकट्याची नव्हती.

७/ हा धडा सर्वांत महाग पडला इंग्लंडात. १९९७ मध्ये नॉर्वेब ही वीज कंपनी आणि नॉर्टेल यांनी विजेच्या तारेतून इंटरनेट देण्याची घोषणा केली. वेग सेकंदाला सुमारे १ मेगाबिट, म्हणजे त्या काळच्या टेलिफोन मोडेमच्या कितीतरी पट. मँचेस्टरमधील एका शाळेतही चाचणी झाली. प्रत्येक सॉकेट म्हणजे इंटरनेटचे दार, असे स्वप्न वृत्तपत्रांतून रंगवले गेले.

८/ परंतु विजेची तार संदेश झाकून ठेवण्यासाठी बनवलेली नसते. उच्च वारंवारतेचा संदेश तिच्यात शिरला की तीच अँटेना होते. रस्त्यावरचे दिव्याचे खांबही संदेश बाहेर फेकू लागल्याचे वर्णन तेव्हा गाजले. लघुलहरींवर काम करणाऱ्यांना उपद्रवाची भीती वाटू लागली. शिवाय ब्रिटनमध्ये एका ट्रान्सफॉर्मरवर शे-दोनशे घरे असू शकतात, आणि तो वेग त्या सर्वांत वाटला जाणार होता. सप्टेंबर १९९९ मध्ये ही योजना गुंडाळण्यात आली.

९/ पुढच्या पिढीने महत्त्वाकांक्षा आवरली. गावभर नको, घरापुरते पुरे. २००० मध्ये इंटेल, सिस्को, मोटोरोला, पॅनासॉनिक आदी कंपन्यांनी ‘होमप्लग’ संघटना स्थापन केली. २००१ च्या पहिल्या मानकात कागदावरचा वेग सेकंदाला १४ मेगाबिट होता. २००५ च्या ‘होमप्लग एव्ही’मध्ये तो २०० मेगाबिटवर गेला. हातात पडणारा वेग दोन्ही वेळा त्याहून बराच कमी असे, कारण तारेवर एका वेळी एकानेच बोलायचे असते आणि बिघडलेला मजकूर पुन्हा पाठवावा लागतो.

१०/ नेमक्या याच काळात कन्सोल इंटरनेटकडे वळले. नोव्हेंबर २००१ मध्ये आलेल्या एक्सबॉक्समध्ये लॅन केबलचे तोंड होते, वाय-फाय नव्हते. १५ नोव्हेंबर २००२ रोजी अमेरिकेत एक्सबॉक्स लाइव्ह सुरू झाले, तेही केवळ ब्रॉडबँडवर. २००५ च्या एक्सबॉक्स ३६० लाही वाय-फायचा अडॅप्टर वेगळा घ्यावा लागे. कन्सोल टीव्हीजवळ आणि राउटर टेलिफोनजवळ, अशा घरांत विजेची वायर पुन्हा मदतीला आली.

११/ होमप्लग एव्हीचे मर्म असे. अडॅप्टर सुमारे २ ते २८ मेगाहर्ट्झचा पट्टा शेकडो बारीक वाटांत विभागतो आणि प्रत्येक वाटेवर किती गोंगाट आहे ते मोजतो. जिथे शांतता तिथे भरपूर माहिती, जिथे गोंगाट तिथे थोडी किंवा काहीच नाही. एकूण १,१५५ वाटांपैकी उत्तर अमेरिकेत ९१७ च वापरल्या जात. उरलेल्यांत हौशी रेडिओचे पट्टे प्रामुख्याने मोकळे सोडलेले होते. नॉर्वेबच्या काळात जो कलह ठरला, तो इथे मानकातच सोडवला गेला.

१२/ आता अडलेला कन्सोल पाहावा. प्रथम तो लॅन केबलने थेट राउटरला जोडावा. तिथेही अडचण राहिली, तर तार निर्दोष. तिथे सुरळीत चालला, तर दोन्ही अडॅप्टर एकाच खोलीतल्या दोन सॉकेटांत लावून पाहावेत. तिथेही जुळले नाहीत, तर जोडीचे बटण दाबून त्यांची ओळख नव्याने करून द्यावी. या ओळखीमागे सांकेतिक कुलूप असते. शेजाऱ्याचा दिवा लावणाऱ्या एक्स-१० नंतर आलेले हे शहाणपण आहे.

१३/ जवळ जुळतात आणि दूर तुटतात, तर शोध तारेवरच्या शेजाऱ्यांचा. पहिला संशयित स्पाइक गार्ड. त्यातला फिल्टर उच्च वारंवारतेचा गोंगाट अडवतो, आणि अडॅप्टरचा संदेश त्याच्या लेखी गोंगाटच असतो. उपकेंद्रातल्या वेटोळ्याचे हेच ते भावंड. तिथे ते संदेशाला योग्य वाटेवर ठेवते, इथे नकळत गिळते. म्हणून अडॅप्टर थेट भिंतीच्या सॉकेटमध्ये लावावा आणि स्पाइक गार्ड इतर उपकरणांसाठी ठेवावा.

१४/ दुसरे संशयित चार्जर, एलईडी दिवे आणि रेग्युलेटर. एकेक बंद करत गेल्यास दोषी सापडतो. एखादा स्वस्त चार्जर त्याच बोर्डवर असेल, तर बाकी सर्व ठीक असूनही खेळ अडखळतो. खेळाला वेग फारसा लागत नाही, नियमितपणा लागतो. गोंगाटामुळे माहितीचे पुडके पुन्हा पाठवावे लागले की तेवढ्यात प्रतिस्पर्ध्याची चाल होऊन गेलेली असते. वेगाच्या चाचणीत आकडा चांगला दिसूनही हार होते, त्यामागे हे कारण असू शकते.

१५/ तिसरी अडचण फेजची. घरात तीन फेज असतील आणि दोन सॉकेट वेगवेगळ्या फेजवर असतील, तर एक्स-१० चीच जुनी व्यथा परत येते. महाराष्ट्रातील अनेक घरांत तिला इन्व्हर्टरची जोड मिळते. राउटर इन्व्हर्टरच्या लाइनवर आणि कन्सोल मेन लाइनवर असला, तर मधल्या वाटेवर इन्व्हर्टर उभा असतो आणि संदेश क्षीण होऊ शकतो. दोन्ही अडॅप्टर एकाच लाइनवर घेणे हा त्यावरचा साधा उपाय.

१६/ शेवटी एक नाहक आरोपी. कन्सोलने ‘नॅट स्ट्रिक्ट’ असे दाखवले की ठपका बहुधा अडॅप्टरवर येतो. वस्तुतः साधा अडॅप्टर पत्ते वाटत नाही, दारेही उघडत किंवा मिटत नाही. तो केवळ माहिती पुढे पोहोचवतो. ती कामे राउटरची. तिथे यूपीएनपी चालू आहे का आणि घरात एकामागे एक असे दोन राउटर तर नाहीत ना, हे पाहावे. एक्सबॉक्सच्या बाबतीत ३०७४ क्रमांकाचा पोर्टही तपासावा.

१७/ स्क्वायर यांच्यापासून होमप्लगपर्यंत तार बदलली नाही, बदलली ती तिच्याकडे पाहण्याची दृष्टी. तार आपल्या एकट्याची आहे असे मानणारा बेत मँचेस्टरला बुडाला. शेजाऱ्यांचा गोंगाट आधी ऐकून मग बोलणारे यंत्र टिकले. अडलेल्या कन्सोलपाशी बसलेल्या माणसानेही तेच करायचे असते. नवा अडॅप्टर विकत आणण्याआधी त्या बोर्डवरचा चार्जर एकदा काढून पाहावा. (समाप्त)