वाळूतली नऊ भोकं

गोल्फ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे हिरवळ येते. आपल्या बैठकीच्या खोलीतल्या सतरंजीपेक्षाही नीटनेटकी. तिच्यावर पांढऱ्या टोपीतले साहेबलोक, मागे काठ्यांची पिशवी वाहणारा पोऱ्या आणि झाडाखाली थंड पेयांचे पेले. आपण मध्यमवर्गीय मंडळी हे दृश्य पाहतो ते कुंपणाबाहेरून, बहुधा बसच्या खिडकीतून. "एवढ्या जागेत दोन हाउसिंग सोसायट्या बसल्या असत्या," असा शेरा मारतो आणि पुढच्या स्टॉपवर उतरतो.

हिरवळ आणि श्रीमंती ही गोल्फची जन्मखूण आहे, असा एकूण समज. इतिहासाची वही उघडली तर मात्र निराळीच कुंडली निघते. गोल्फचा जन्म वाळूत झाला, आणि तोही फुकटच्या वाळूत.

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर समुद्र आणि शेतं यांच्यामध्ये वाळूच्या टेकाडांचा पट्टा असतो. त्याला तिकडे 'लिंक्स' म्हणतात. तिथे नांगर चालत नाही आणि पीक येत नाही. खुरटं गवत उगवतं, ते मेंढ्या खातात. वाऱ्यापासून अंग वाचवायला मेंढ्या वाळूत खड्डे करून बसायच्या, तेच पुढे गोल्फचे 'बंकर' झाले असं म्हणतात. आपल्या कोकणात अशी जमीन असती तर दोन भाऊबंदांनी तिच्यावरून तीन पिढ्या कोर्टात दावा चालवला असता. स्कॉटिश माणूस हिशेबी. त्यानं तिथे काठीनं चेंडू मारायला सुरुवात केली. खर्च शून्य.

हे वेड इतकं वाढलं की १४५७ साली दुसऱ्या जेम्स राजाच्या पार्लमेंटनं फर्मान काढलं, फुटबॉल आणि गोल्फ बंद, सगळ्यांनी तिरंदाजीचा सराव करावा! इंग्लंडशी लढायचं सोडून पोरं चेंडूमागे धावतात, ही तक्रार. १४७१ साली तेच फर्मान पुन्हा निघालं आणि १४९१ साली तिसऱ्यांदा. एकच सरकारी परिपत्रक तीनदा फिरलं म्हणजे ते किती पाळलं जात होतं, हे आपल्याला कुणी सांगायला नको. गंमत पुढेच आहे. १४९१ चं फर्मान ज्याच्या कारकिर्दीत निघालं त्या चौथ्या जेम्सनंच १५०२ साली स्वतःसाठी गोल्फच्या काठ्या विकत घेतल्या. कुणाकडून? पर्थ गावच्या धनुष्यं करणाऱ्या कारागिराकडून! खजिनदाराच्या हिशेबवहीत तशी नोंद आहे. हिशेब लिहिणाऱ्या माणसापुढे राजाचंही काही चालत नाही ते असं.

आता भोकांचं. मैदानावर चेंडू घालवायची भोकं अठराच हवीत, असा गोल्फवाल्यांचा आग्रह असतो. जणू काही अठरा पुराणंच! पण सेंट अँड्रूजच्या थोर मैदानावर १७६४ पर्यंत एका फेरीत बावीस भोकं व्हायची. त्या वर्षी सुरुवातीची चार भोकं फार जवळजवळ वाटली म्हणून त्यांची दोन केली. जाताना आणि परतताना बहुतेक तीच भोकं, म्हणून बावीसची अठरा झाली. यात शास्त्रबिस्त्र काही नाही. १८६० साली पहिली ओपन स्पर्धा प्रेस्टविकला झाली तेव्हा तिथलं मैदान बारा भोकांचं होतं. आठ खेळाडू त्याच मैदानाला तीन प्रदक्षिणा घालून मोकळे झाले. आणि एडिंबरोजवळच्या मसलबरा गावाचं मैदान तर नऊ भोकांचं. तिथे १८७४ ते १८८९ या काळात ही ओपन स्पर्धा एकदोनदा नव्हे, सहा वेळा झाली. तेव्हा नऊ भोकांच्या मैदानाला कुणी 'अर्धं' म्हणालं तर त्याला खुशाल मसलबऱ्याचा पत्ता द्यावा.

पुढे साहेब जिथे गेला तिथे काठ्या घेऊन गेला. १८२९ साली कलकत्त्यात गोल्फ क्लब निघाला, तो ब्रिटिश बेटांबाहेरचा सर्वांत जुना. मुंबईत १८४२ साली निघाला. विसाव्या शतकात तेलाच्या वासानं साहेब आखातात पोचला. बहारीनमध्ये १९३२ साली तेल लागलं आणि कंपनीनं अवाली नावाचं गाव वसवलं. मग सौदी अरेबियात दाहरान, कुवेतमध्ये अहमदी. या गावांत पाणी जपून, सावली त्याहून जपून आणि वाळू मात्र अमाप. साहेबानं विचार केला असेल, आजोबांनी वाळूतच सुरुवात केली होती की! त्यानं चार खांब रोवले आणि खेळायला लागला.

असल्याच एका तेलाच्या गावात मी १९८३ च्या जानेवारीत गेलो होतो. माझा भाचा तिथे इंजिनिअर होता. शुक्रवारी सकाळी तो म्हणाला, "मामा, चला, गोल्फ खेळू." क्लब म्हणजे पत्र्याची शेड, पाण्याचा कूलर आणि जिंकलेल्यांच्या नावांचा एक फळा. पुढे क्षितिजापर्यंत मातकट वाळू आणि दगड. मी म्हटलं, "मैदान कुठाय?"

"तुम्ही उभे आहात त्यावरच," भाचा म्हणाला. "आणि हे तुमचं गवत." त्यानं माझ्या हातात प्लॅस्टिकच्या हिरवळीचा एक वीतभर तुकडा ठेवला. आपल्याकडे दाराशी पाय पुसायला ठेवतात तसला. सगळं मैदान हिरवं करणं परवडत नाही, म्हणून ज्यानं त्यानं आपापलं गवत बरोबर बाळगायचं. पूर्वी आपण थर्ड क्लासच्या प्रवासाला वळकटी न्यायचो ना, तसं. चुना फासलेल्या दगडांनी वाट आखलेली होती. चेंडू त्या दगडांच्या आत पडला तर तो उचलून चटईवर ठेवायचा आणि मारायचा. बाहेर गेला की चटई बंद. मग तो खडकावर असो की काट्यात, जिथे असेल तिथून हाणायचा. सरळ वागणाऱ्यालाच गवत, असा हा नियम. इतका नैतिक खेळ मी दुसरा पाहिलेला नाही.

भोकाभोवती 'ग्रीन' असतं, त्याऐवजी इथे 'ब्राऊन'. म्हणजे वाळूत तेल कालवून, वर रूळ फिरवून, सारवलेल्या अंगणासारखं गुळगुळीत केलेलं वर्तुळ. त्या गावात पाण्यापेक्षा तेल सोयीचं, त्याला ते तरी काय करणार! चेंडू त्यावरून असा सरळ घरंगळतो की आपल्या गोट्यांच्या गलीची आठवण व्हावी. पावलं मात्र उमटतात. म्हणून खेळून झाल्यावर ब्राऊन पुन्हा झाडून सारखा करायचा.

सहाव्या ब्राऊनवर एक पिकल्या दाढीचे गृहस्थ दांड्याला बांधलेला काथ्याचा पट्टा ओढत ते काम करत होते. आमचं मराठी ऐकून थांबले.

"कुठले म्हणायचे तुम्ही?"

"पुण्याचा."

"म्हणजे घाटावरचे," त्यांनी जरा कीव केली. "मी दापोलीकडचा. अकरा वर्षं झाली इथं. आमच्या गावात समुद्रावर एवढी वाळू पडलीय, तिला कुणी विचारत नाही. आणि इथं मी तिला झाडतोय!"

मग त्यांनी यंदा पाऊस कसा झाला ते विचारलं. म्हटलं, "चाचा, कोकणात पावसाला काय कमी?"

"पडतो तो समुद्रात जातो, साहेब. मे महिन्यात बायका कोसभर लांबून पाणी आणतात. घरी विहिरीचं काम काढलंय. खडक लागलाय. आणखी दोन वर्षं इथं काढली की फुटेल."

एवढं बोलून ते माझ्या चेंडूकडे वळले. "उजवीकडून मारा. वारा ह्या अंगानं असतो, वाळू डावीकडं साचते." मी तसं मारलं आणि चेंडू टुपकन भोकात! त्या दिवसातला माझा तो एकमेव पराक्रम. मी मागे वळून पाहतो तर चाचांनी पट्टा फिरवून त्याचा मागमूसही ठेवला नव्हता. नऊ भोकांना माझे एकूण ८१ फटके झाले. "मामा," भाचा म्हणाला, "अठरा भोकांना एवढे फटके म्हणजे चांगला खेळाडू समजतात." आमच्या घराण्यात सांत्वनाची कला जुनी आहे.

त्यानंतर आखाताचं दैव फिरलं. १९८८ साली दुबईत एमिरेट्स गोल्फ क्लबचं अठरा भोकांचं मैदान उघडलं. सगळं हिरवंगार, समुद्राचं पाणी गोडं करून वाढवलेलं. १९८९ पासून तिथे युरोपातले बडे खेळाडू स्पर्धेला येऊ लागले. दुबईतच १९७१ पासून वाळूवर खेळणारा एक कंट्री क्लब होता, तो २००७ साली बंद झाला. हिरवळ पाहायला सुंदर, यात वाद नाही. पण १९७२ च्या दुष्काळात बादली घेऊन टँकरच्या रांगेत उभा राहिलेला माझ्यासारखा माणूस वाळवंटातली हिरवळ पाहून नुसता खूश होऊ शकत नाही. तो मनात बादल्या मोजू लागतो. आणि मला तर त्या बादल्यांबरोबर दापोलीकडचा तो खडकही दिसतो.

गवताशिवाय का कुठे गोल्फ होतं, असं विचारणाऱ्याला दोन उत्तरं आहेत. पहिलं चंद्रावरचं. ६ फेब्रुवारी १९७१ रोजी ॲलन शेपर्डनं तिथे चेंडू मारला. पोशाख इतका जाड की एकाच हातानं मारावा लागला. चेंडू मैलोगणती गेला असं तो त्या वेळी म्हणाला. पुढे छायाचित्रं तपासून मोजलं तर दुसरा चेंडू चाळीस यार्डांच्या आसपास निघाला. म्हणजे गोल्फवाल्याची बढाई पृथ्वीच्या बाहेरही जशीच्या तशी टिकते.

दुसरं उत्तर अमेरिकेतलं. पाइनहर्स्टचं दोन नंबरचं मैदान जगातल्या नामांकित मैदानांपैकी एक. १९३५ सालापर्यंत तिथल्या भोकांभोवतीही वाळूच होती. पुढे सगळीकडे गवत आलं, पाण्याचे फवारे आले. मग २०१० ते २०११ मध्ये त्यांनी त्यातलं पुष्कळसं गवत उपटून काढलं, मूळची वाळू उघडी केली आणि फवारे निम्म्याहून कमी केले. २०१४ साली अमेरिकेची ओपन स्पर्धा त्याच मैदानावर झाली. खेळाचं काही बिघडलं नाही.

एवढी हिरवळ पांघरून शहाणी माणसं शेवटी वाळूवरच परत आली. माझं म्हणणं एवढंच, की ज्याला गवताची फार हौस असेल त्यानं वीतभर चटई खुशाल काखेत मारावी. पाणी विहिरीत राहू द्यावं.