एका शिलिंगाचा अभिप्राय

मुलांनीं काय वाचावें, ह्या प्रश्नाचा निकाल आजवर बहुधा वडील माणसांनींच लावला आहे. आणि पुस्तकांत राक्षस, जादूगार अथवा मंतरलेल्या अंगठ्या आढळल्या, म्हणजे तो निकाल बहुतेक प्रतिकूलच लागतो. आपल्याकडे तर असलें पुस्तक लिहिणारालाही संकोच वाटे. नारो सदाशिव रिसबूड यांनीं १८६८ सालीं ‘मंजुघोषा’ ही कादंबरी प्रसिद्ध केली, तेव्हां प्रस्तावनेंत त्यांनीं आपली अडचण सांगितली आहे. नित्याच्या अनुभवांतलें लिहावें, तर आपल्या आयुष्यक्रमांत मनोवेधक असें फारसें कांहीं नाहीं. म्हणून अद्भुताचा आश्रय करणें भाग पडतें, असा तिचा आशय. म्हणजे अद्भुत हें निरुपायानें पत्करलेलें साधन! परंतु अशीं पुस्तकें जे सर्वांत आवडीनें वाचतात, त्या कोवळ्या वाचकांना त्यांचें मत विचारण्याची चाल मात्र आपल्यांत फारशी दिसत नाहीं. तें विचारलें असतां काय घडतें, ह्याचा एक बोधप्रद दाखला इंग्लंडांतील ग्रंथप्रकाशनाच्या इतिहासांत आहे. तो वाचकांपुढें ठेवावा असें आम्हांस वाटतें.

१९३६ सालीं ऑक्सफर्ड विद्यापीठांत प्राचीन इंग्रजीचे अध्यापक असलेले जे. आर. आर. टॉल्किन यांच्या ‘द हॉबिट’ ह्या कथेचें हस्तलिखित स्टॅन्ली अनविन या लंडनच्या प्रकाशकांकडे आलें. मुलांच्या पुस्तकांचे उत्तम परीक्षक मुलेंच, अशी अनविन यांची समजूत होती. त्यांनीं तें हस्तलिखित आपल्या दहा वर्षांच्या मुलाला, रेनरला, वाचावयास दिलें. लेखी अभिप्रायाचा मोबदला एक शिलिंग ठरलेला असे. रेनरनें कथेचा सारांश देऊन पुस्तक चांगलें असल्याचें कळविलें. नकाशे असल्यावर चित्रांची जरूर नाहीं, असेंही सुचविलें. आणि पांच ते नऊ वर्षांच्या सर्व मुलांना तें आवडेल, असा निर्वाळा दिला. दहा वर्षांच्या परीक्षकानें नवव्या वर्षापाशीं रेघ ओढावी, ह्यांतील गांभीर्य पाहून कोणासही हसूं येईल. परंतु त्या अभिप्रायावर भरंवसा ठेवून १९३७ च्या सप्टेंबरांत १५०० प्रतींची आवृत्ति निघाली, आणि डिसेंबर संपण्यापूर्वींच ती खपून गेली.

येथवरची गोष्ट पुष्कळांना ठाऊक असते. आम्हांस तिचा उत्तरार्ध अधिक महत्त्वाचा वाटतो. प्रकाशकांनीं पुढचा भाग मागितला, आणि टॉल्किन यांनीं त्याच डिसेंबरांत लेखनास आरंभ केला. परंतु कथा हातीं राहीना. तिच्यांत युद्धें आलीं, वंशावळी आल्या, मृत्यु आणि मोह आले. मुलांसाठीं आरंभिलेली कथा बारा वर्षें वाढत राहिली. १९४७ सालीं तिचा पहिला भाग रेनरच्या हातीं आला, तेव्हां तो ऑक्सफर्डला शिकत असलेला तरुण होता. कथेनें त्याला धरून ठेवलें. परंतु ती वाचावी कोणी, हें त्याला सांगतां येईना. मुलांच्या हातून तिच्यांतलें कांहीं निसटेल. आणि वडिलांना ती वाचण्यांत कमीपणा वाटला नाहीं, तर त्यांचेंही मन रमेल, अशा आशयाचें त्यानें लिहिलें.

रेनरच्या ह्या गोंधळांतच आमच्या मतें सगळें मर्म आहे. बाल्य संपलें आणि प्रौढपण आलें नाहीं, अशा वयाच्या वाचकासाठीं पुस्तकांच्या दुकानांत तेव्हां स्वतंत्र फळीच नव्हती. पुढें १९५२ सालीं तें प्रचंड हस्तलिखित छापण्याचा प्रश्न निघाला, तेव्हां रेनर वडिलांच्याच व्यवसायांत होता. त्यानें परदेशीं गेलेल्या वडिलांना कळविलें कीं, ह्यांत हजार पौंडांचा तोटा येईल; परंतु ही कृति प्रतिभेची आहे. तुझी तशी खात्री असेल तर हजार पौंड जाऊं देत, असा वडिलांचा जबाब आला. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे तीन खंड १९५४ व १९५५ सालीं निघाले. तोटा झाला नाहीं. १९६५ सालीं अमेरिकेंत स्वस्त आवृत्त्या निघाल्यावर तर कॉलेजांतील विद्यार्थ्यांनीं तें पुस्तक आपलेंसें केलें. ‘कोणी वाचावें’ ह्या प्रश्नाचें उत्तर वाचकांनींच दिलें.

पुढील इतिहास थोडक्यांत सांगतां येईल. अमेरिकेंतील ग्रंथपालांच्या संघटनेनें १९५७ सालीं ह्या मधल्या वयाच्या वाचकांसाठीं स्वतंत्र विभाग काढला. १९६८ सालीं अर्सुला ले ग्विन यांची ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ प्रसिद्ध झाली. तिचा तरुण नायक आपल्याच गर्वानें मोकळ्या सोडलेल्या छायेशीं झुंजतो. आणि १९९७ सालीं प्रसिद्ध झालेल्या जे. के. रोलिंग यांच्या पहिल्या पुस्तकाच्या बाबतींत जुनाच प्रसंग पुन्हां घडला. लंडनच्या प्रकाशनसंस्थेच्या प्रमुखांनीं हस्तलिखिताचा आरंभ आपल्या आठ वर्षांच्या मुलीला दिला, आणि तिनें पुढचा भाग मागितला. तेंच पुस्तक पुढें ‘हॅरी पॉटर आणि परीस’ ह्या नांवानें मराठींत आलें.

तें आमच्या घरींही आलें होतें. परीक्षेच्या दिवसांत तें आम्हीं घरांतील एका मुलाच्या हातून काढून कपाटांत ठेवलें. असल्या भाकड कथांत काय आहे, असें आम्हीं त्या वेळीं म्हटलें खरें. परंतु तो प्रश्न नव्हता, ती ताकीद होती. मुलगा उत्तर देण्यासाठीं क्षणभर थांबला होता, हें आम्हांस आज आठवतें. पुढें तो आपण काय वाचतो तें आमच्याजवळ बोलेनासा झाला.

मुलांचें मत नेहमींच बरोबर असतें, असें आमचें म्हणणें नाहीं. रेनरचा वयाचा अंदाज चुकलाच; ‘द हॉबिट’ नव्वद वर्षांचे आजोबाही वाचतात. परंतु पुस्तक चांगलें आहे, हें त्यानें बरोबर ओळखलें. आणि दहाव्या वर्षीं ज्याचें मत गंभीरपणें ऐकून घेतलें गेलें, त्याच्याच अंगीं पुढें हजार पौंडांची जोखीम सुचविण्याचें धैर्य आलें, हें आम्हांस केवळ योगायोगाचें वाटत नाहीं. वाचकाची रुचि आज्ञेनें घडत नाहीं. मत देण्याच्या आणि तें निभावण्याच्या संवयीनें घडते. त्या संवयीची किंमत अनविन यांच्या घरीं एक शिलिंग होती. आपल्या घरीं तर तेवढीही पडूं नये. पुस्तक काढून घेण्यापूर्वीं एक प्रश्न विचारावा, आणि उत्तर संपेपर्यंत थांबावें, इतकेंच.