थाळीफेक, आशियाई क्रीडासामन्यांतील

पुरुषांची थाळीफेक ही आशियाई क्रीडासामन्यांतील एक मैदानी स्पर्धा. १९५१ मधील पहिल्या सामन्यांपासून तिचा कार्यक्रमात समावेश आहे. भारताने प्रारंभीच्या सहा सामन्यांत या स्पर्धेची पाच सुवर्णपदके मिळविली. त्यानंतर मात्र हे स्थान प्रथम चीनकडे व नंतर इराणकडे गेले. या स्थित्यंतराची कारणे भारतीय मैदानी खेळांच्या एकूण इतिहासावर प्रकाश टाकणारी आहेत.

पुरुषांच्या थाळीचे वजन किमान २ किग्रॅ. व व्यास सु. २२ सेंमी. असतो. स्पर्धक २.५० मी. व्यासाच्या वर्तुळात सु. दीड गिरकी घेऊन थाळी फेकतो. ती ठराविक कोनक्षेत्राच्या आतच पडावी लागते. हातातून सुटताना थाळी स्वतःभोवती फिरत असल्याने तिचा तोल टिकतो व हवेच्या दाबामुळे ती काही काळ उचलून धरली जाते. म्हणूनच समोरून येणारा बेताचा वारा फेकीला अडथळा न ठरता उपकारक ठरतो. केवळ बाहुबल येथे पुरेसे नसते. गिरकीचा वेग, पावलांची जुळणी व थाळी सोडण्याचा क्षण यांवर फेकीचे अंतर अवलंबून राहते.

प्राचीन ग्रीसमध्ये थाळीफेक हा पंचक्रीडेचा एक भाग होता. अथेन्स येथील १८९६ च्या पहिल्या आधुनिक ऑलिंपिक सामन्यांत अमेरिकेच्या रॉबर्ट गॅरेट याने ही स्पर्धा जिंकली. आशियात तिला आंतरराष्ट्रीय व्यासपीठ मिळाले ते मार्च १९५१ मध्ये नवी दिल्ली येथे. तेथे भारताच्या माखनसिंग यांनी ३९.९२ मी. फेक करून सुवर्णपदक मिळविले (धावपटू माखनसिंग ते हे नव्हेत). मानिला येथे १९५४ मध्ये पर्दुमनसिंग यांनी गोळाफेक व थाळीफेक अशी दोन्ही सुवर्णपदके जिंकली. त्यांची थाळीफेक ४३.३७ मी. होती. टोकिओ येथे १९५८ मध्ये बलकारसिंग यांनी ४७.६६ मी. अंतर गाठले. जकार्ता येथे १९६२ मध्ये हे पद जपानकडे गेले. परंतु पुढे बँकॉक येथेच झालेल्या १९६६ व १९७० च्या सामन्यांत प्रवीणकुमार सोबती यांनी अनुक्रमे ४९.६२ मी. व ५२.३८ मी. फेक करून ते पुन्हा भारताकडे आणले. तेहरान येथे १९७४ मध्ये प्रवीणकुमार यांनी ५३.६४ मी. म्हणजे आधीच्या दोन्ही विजयांपेक्षा लांब फेक केली. तरीही इराणच्या जलाल केशमिरी याच्यामुळे त्यांना रौप्यपदकावर समाधान मानावे लागले. पुढे दूरदर्शनवरील महाभारत मालिकेतील भीमाच्या भूमिकेमुळे ते घरोघरी परिचित झाले (मृत्यू २०२२).

या यशाचे मोल जागतिक विक्रमाशी तुलना केली असता स्पष्ट होते. १९५१ मध्ये हा विक्रम अमेरिकेच्या फॉर्च्यून गॉर्डीन याच्या नावावर ५६.९७ मी. असा होता, म्हणजे आशियाई विजेता त्याच्या सु. १७ मी. मागे होता. १९७० मध्ये विक्रम ६८.४० मी. होता व अंतर सु. १६ मी. उरले. एकोणीस वर्षांत भारतीय फेक साडेबारा मीटरने वाढली. परंतु तेवढ्याच काळात जगही सु. साडेअकरा मीटर पुढे गेले. आशियातील स्पर्धा मर्यादित असल्याने ही तफावत सुवर्णपदकांमागे झाकली गेली. इतर आशियाई राष्ट्रांनी पद्धतशीर शिक्षण सुरू करताच ती उघडी पडली. १९७८ पासून २००२ पर्यंत चीनचे वर्चस्व राहिले. त्यानंतर इराणच्या एहसान हदादी याने २००६ ते २०१८ या काळात सलग चार सुवर्णपदके मिळविली व २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ६८.१८ मी. फेकीसह रौप्यपदक जिंकले.

भारतातर्फे ही तफावत सर्वाधिक कमी केली ती विकास गौडा यांनी. त्यांचा जन्म म्हैसूरचा. परंतु त्यांचे शिक्षण व क्रीडाप्रशिक्षण अमेरिकेत झाले. २०१२ मधील त्यांची ६६.२८ मी. ही फेक तत्कालीन जागतिक विक्रमापेक्षा (७४.०८ मी.) आठ मीटरहूनही कमी अंतराने मागे होती. आशियाई सामन्यांत त्यांना २०१० मध्ये कांस्य व २०१४ मध्ये रौप्यपदक मिळाले. त्याच वर्षी ग्लासगो येथील राष्ट्रकुल सामन्यांत त्यांनी सुवर्णपदक जिंकले. महाराष्ट्राच्या भूमीवरील त्यांचा विजय जुलै २०१३ मधील होय : पुण्यातील बालेवाडी क्रीडासंकुलात भरलेल्या आशियाई मैदानी अजिंक्यपद स्पर्धेत त्यांनी ६४.९० मी. फेक करून सुवर्णपदक मिळविले.

बालेवाडीसारखे संकुल व प्रत्यक्ष खेळाडू घडविणारी शाळा यांतील अंतर हा महाराष्ट्रापुढील खरा प्रश्न आहे. पालघर जिल्ह्यातील डहाणू व तलासरी या आदिवासीबहुल तालुक्यांचे उदाहरण या दृष्टीने घेता येईल. आदिवासी विकास विभागाच्या आश्रमशाळांच्या क्रीडास्पर्धांत धावणे व उड्या यांबरोबरच गोळाफेक व थाळीफेक यांचाही अंतर्भाव असतो. त्यामुळे वारली व इतर जमातींतील मुलांची या खेळाशी ओळख शाळेतच होते. तथापि धावण्याचा सराव पायवाटेवरही होऊ शकतो, तसा थाळीफेकीचा होत नाही. त्यासाठी वयानुरूप वजनाची थाळी, कठीण पृष्ठभागाचे वर्तुळ, संरक्षक जाळी आणि गिरकीतील दोष वेळीच दाखवून देणारा शिक्षक हवा असतो. शिवाय उत्तम थाळीफेकपटू घडण्यास अनेक वर्षे लागत असल्याने शाळा सुटल्यानंतरही सरावाची व पोषक आहाराची सोय टिकावी लागते. १९५१ ते १९७० मधील भारतीय पदके व त्यांनंतरची पीछेहाट यांचा अर्थ हाच, की या खेळात नैसर्गिक शक्तीने प्रारंभ होतो. पुढील मीटर शिक्षणानेच मिळवावे लागतात.