इंजिनाचा श्वास : कुर्डुवाडी ते कुर्ला

कुर्डुवाडीकर श्रोत्यांपुढे इंजिनाविषयी बोलावयाचे म्हणजे पंढरपुरात जाऊन अभंग सांगण्यासारखे आहे. हे गाव रुळांवर वाढले. ज्याच्या घरात कोणी ना कोणी रेल्वेच्या कारखान्यात खपले नाही, असे जुने घर येथे शोधूनच काढावे लागेल. तेव्हा आम्ही वाफेच्या इंजिनावर बोलू अशी अपेक्षा कोणी केली तर ती वावगी नाही. परंतु आजचा विषय त्याहून पुष्कळ लहान आहे. मोटारीच्या इंजिनावर ओंजळीत मावेल एवढा कार्ब्युरेटर असतो आणि त्यातून निघालेले मिश्रण सिलिंडरांत वाटणारी नळ्यांची जोडणी, म्हणजे इनटेक मॅनिफोल्ड, असते. जुन्या फियाट, अँबेसिडर आणि जीप गाड्या पुन्हा रस्त्यावर आणण्याची हौस आज गावोगाव दिसते. अशा गाडीचे बॉनेट उघडले की पहिला प्रश्न ठरलेला असतो : "मोठा कार्ब्युरेटर बसवला तर?" या प्रश्नाचे उत्तर केवळ यंत्रशास्त्रात नाही, ते इतिहासातही आहे, असे आमचे म्हणणे आहे.

प्रथम आपल्याच अंगणातील उदाहरण घेऊ. 1897 साली बार्शी रोड, म्हणजे आपले कुर्डुवाडी, ते बार्शी ही अडीच फुटी रुळांची गाडी सुरू झाली. तिचा कर्ता एव्हरार्ड कॅल्थ्रॉप हा इंग्रज अभियंता. सर्वांत जोरकस इंजिन कोणते, या प्रश्नापासून त्याने सुरुवात केली नाही. हलका रूळ किती भार सोसेल, हे त्याने आधी ठरविले. एका आसावर पाच टनांहून अधिक भार नको, हा नियम त्याने डब्यांना लावला आणि इंजिनालाही लावला. मग लीड्सच्या किटसन कारखान्याकडून त्या मापाची इंजिने घडवून घेतली. त्यांचे वजन अनेक आसांवर वाटलेले होते. इंजिनासाठी रूळ न बदलता रुळासाठी इंजिन घडविले, म्हणून बार्शी लाईट चालली आणि पुढे लातूर-मिरजेपर्यंत पोहोचली. निवड करावयाची ती कामाच्या मापाने, हा धडा या गावाला सव्वाशे वर्षांपूर्वीच मिळालेला आहे.

याच रेल्वेशी आणखी एक नाव जोडलेले आहे. 1882 साली सोलापुरात जन्मलेले वालचंद हिराचंद तरुणपणी लक्ष्मणराव फाटक यांच्या भागीत रेल्वेची कंत्राटे घेऊ लागले. त्यांच्या सुरुवातीच्या कामांत बार्शी लाईटच्या विस्ताराचे काम होते. पुढे जहाजे झाली, विमानांचा कारखाना झाला आणि 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी उभी राहिली. 1947 पासून तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. फियाटशी करार झाल्यावर 1100 ही गाडी आली. 1964 पासून तिचा '1100 डी' हा अवतार आला आणि 1974 पासून तीच गाडी 'पद्मिनी' या नावाने ओळखली जाऊ लागली. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती अर्ध्या महाराष्ट्राने पाहिली आहे. त्या टॅक्सींतील अखेरची गाडी 2023 च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून उतरली.

आता कार्ब्युरेटरकडे वळू. कार्ल बेंझच्या 1885 च्या गाडीत इंधनाच्या पृष्ठभागावरून हवा नेऊन तिच्याबरोबर वाफ ओढून घेतली जाई. 1888 साली त्याची पत्नी बेर्था त्याची गाडी घेऊन शंभर किलोमीटरच्या प्रवासाला निघाली. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती बाईंनी टोपीच्या पिनेने मोकळी केली, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. 1893 साली विल्हेल्म मायबाखने बारीक छिद्रातून, म्हणजे जेटमधून, इंधनाचा फवारा हवेच्या झोतात सोडण्याची युक्ती काढली. अत्तराच्या फवाऱ्याचेच हे तत्त्व. नळी मध्ये आवळली की तेथे हवेचा वेग वाढतो आणि दाब घटतो. दाब घटला की जेटमधून पेट्रोल आपोआप वर ओढले जाते. या आवळलेल्या भागाला इटालियन शास्त्रज्ञ व्हेंचुरी याचे नाव मिळाले. पॅरिसचा सोलेक्स, इंग्लंडचा एस. यू., बोलोन्याचा वेबर ही सारी याच तत्त्वाची घराणी होत.

थोडा हिशेब करू. पद्मिनीचे इंजिन 1089 घनसेंटिमीटरचे. चार-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा श्वास घेते. मिनिटाला 2000 फेऱ्या असताना आणि सिलिंडर शेकडा ऐंशी भरतात असे धरल्यास, ते मिनिटाला सुमारे 870 लिटर हवा ओढील. ही हवा 24 मिलिमीटरच्या व्हेंचुरीतून गेली तर तिचा सरासरी वेग सेकंदाला सुमारे 32 मीटर पडतो. तीच 32 मिलिमीटरच्या व्हेंचुरीतून गेली तर वेग 18 मीटरांवर येतो. पेट्रोल उचलणारी ओढ वेगाच्या वर्गाने बदलते, म्हणजे ती जवळजवळ एक-तृतीयांश उरते. पेट्रोलचे धुके होण्याऐवजी थेंब पडतात, अॅक्सिलरेटर दाबताच गाडी अडखळते आणि प्लग काळे पडतात. मोठ्या तोंडाचा फायदा होतो तो इंजिन भरधाव फिरत असताना. बाजाराच्या गर्दीतून वाट काढणाऱ्या गाडीच्या आयुष्यात असे क्षण किती येतात?

मॅनिफोल्डचा प्रश्न उजनीच्या कालव्याखालील शेतकऱ्यास समजावून सांगण्याची गरज नाही. पाट एकच, वाफे चार. मधल्यांना पाणी लवकर मिळते, टोकाच्यांची तक्रार राहते. एका कार्ब्युरेटरवर चार सिलिंडर पोसताना हीच अडचण येते. पाट रुंद केला तर प्रवाह मंदावतो आणि जड थेंब वळणावर खाली बसतात. म्हणून जुन्या कारखानदारांनी नळ्या बेताच्या ठेवल्या, आणि अनेकांनी इनटेकला एक्झॉस्टची ऊब दिली, की बसलेले पेट्रोल पुन्हा वाफ व्हावे.

याचा अर्थ मोठा कार्ब्युरेटर ही नेहमीच चूक, असा नव्हे. 1953 साली फियाटने साध्या 1100 बरोबर तिची 'टी. व्ही.' ही वेगवान आवृत्ती काढली. साधीची शक्ती सुमारे 36 अश्वबळ, तर दोन नळ्यांचा वेबर लावलेल्या टी. व्ही.ची सुमारे 50. अँबेसिडरच्या 1489 घनसेंटिमीटर इंजिनाचे भावंड इंग्लंडात 'एम. जी. ए.' या गाडीत दोन एस. यू. घेऊन धावले, आणि अँबेसिडरहून पुष्कळ जोमाने धावले. परंतु या दोन्ही ठिकाणी कम्प्रेशनही वाढविलेले होते. केवळ कार्ब्युरेटर पाहून भुलणाऱ्यांच्या नजरेतून हेच निसटते. छाती रुंद न करता नाकपुड्या मोठ्या केल्या तर मल्ल होत नाही! पद्मिनीला एका नळीचा, हवा वरून खाली ओढणारा सोलेक्स होता. तिचे काम शर्यतीचे नव्हते; दिवसभर थांबत, निघत, थोड्या पेट्रोलात माणसे वाहण्याचे होते, आणि त्या कामाला तो पुरेसा होता.

आमच्या भागातील हौशी मालकांना आणखी दोन गोष्टी सांगावयाच्या आहेत. पहिली उन्हाची. वैशाखात तापलेले इंजिन बंद केले की फ्लोटच्या कप्प्यातील पेट्रोल उकळून मॅनिफोल्डमध्ये सांडते आणि गाडी पुन्हा सुरू होत नाही. येथे मोठा कार्ब्युरेटर उपयोगी नाही. त्याच्या बुडाशी उष्णता अडविणारी जाड चकती नीट बसलेली असणे उपयोगी आहे. दुसरी गोष्ट आपल्या उसाची. 2025 पर्यंत देशात पेट्रोलमध्ये शेकडा वीस इथेनॉल मिसळण्याची मजल गाठली गेली. सोलापूर जिल्हा साखर कारखान्यांचा, तेव्हा या व्यवहारात आपणही आहोत. शुद्ध पेट्रोलच्या एका भागास वजनाने सुमारे 14.7 भाग हवा लागते, तर इथेनॉलला सुमारे 9 भागच पुरते. म्हणून जुन्या जेटमधून नवे इंधन गेले की मिश्रण पातळ पडते. जुन्या रबरी नळ्या आणि पडदेही इथेनॉल सोशीत नाहीत. तेव्हा आज खरी निवड करावयाची आहे ती मोठ्या कार्ब्युरेटरची नव्हे. थोड्या मोठ्या जेटची आणि इथेनॉल सोसणाऱ्या रबराची. त्याआधी कम्प्रेशन, व्हॉल्व्ह, टायमिंग आणि मॅनिफोल्डच्या सांध्यातून शिरणारी चोरटी हवा तपासावी. आणि मूळ भाग काढलाच तर तो भंगारात न देता कपाटात ठेवावा. पुढच्या मालकाचाही त्या गाडीवर काही हक्क आहे.

नव्या गाड्यांत इंधन मोजण्याचे काम संगणक करतो, आणि तो ते अधिक चोख करतो. जुने ते सारे सोने, असा आमचा दावा नाही. परंतु संगणक चुकला तर त्याचे का चुकले हे मालकास कळत नाही. कार्ब्युरेटर मात्र प्लगच्या रंगातून, धुराच्या वासातून आणि इंजिनाच्या आवाजातून आपले दुखणे सांगत असे, आणि ते ओळखणारे मिस्त्री आपल्या गावोगावी होते. ती विद्या पुस्तकात थोडी आणि हातात फार होती. ते हात आता थकत आहेत. जुनी गाडी राखणाऱ्याने पत्रा चमकविण्यापूर्वी एखाद्या तरुणास अशा मिस्त्रीजवळ बसवावे. कारण सुटा भाग पुन्हा घडविता येतो, पण तो जुळविण्याची जाण एकदा गेली म्हणजे ती विकत मिळत नाही.