हाँगकाँगमध्ये जकात नाही, मग घोषणापत्र कशाला?

हाँगकाँग १८४१ पासून मुक्त बंदर आहे. दारू, तंबाखू, खनिज तेल आणि मिथाइल अल्कोहोल सोडलं तर तिथे कोणत्याही मालावर सीमाशुल्क लागत नाही. तरीही माल आणणाऱ्या किंवा पाठवणाऱ्या प्रत्येकाला घोषणापत्र भरावं लागतं. वैयक्तिक सामानासारख्या थोड्याच गोष्टींना सूट आहे.

आपल्याकडे न्हावाशेवा बंदरात आधी 'बिल ऑफ एंट्री', मग शुल्क, मग मालाची सुटका असा क्रम असतो. हाँगकाँगमध्ये साधा माल आधी गोदामात पोहोचतो आणि घोषणापत्र १४ दिवसांच्या आत भरलं तरी चालतं. इथेच लहान व्यापारी फसतो. माल हातात आला, विकलाही गेला, की कागद विसरायला कितीसा वेळ लागतो! उशिराचा दंड मात्र २० ते २०० हाँगकाँग डॉलर एवढाच आहे. खोटी माहिती दिली तर प्रकरण कोर्टात जातं आणि दंड १०,००० डॉलरपर्यंत होऊ शकतो.

कर नाही, तर एवढी माहिती हवी कशाला? मुख्यतः आकडेवारीसाठी. हाँगकाँगची बहुतांश निर्यात म्हणजे बाहेरून आलेला माल पुन्हा बाहेर पाठवणं. म्हणून माल कुठे बनला आणि कुठून आला, हे दोन वेगळे प्रश्न विचारले जातात. व्हिएतनाममध्ये शिवलेला शर्ट शेन्झेनमार्गे आला तर मूळ देश व्हिएतनामच लिहायचा. ही एक चूक हजारो घोषणापत्रांत झाली, तर सगळ्या व्यापाराचं चित्रच बदलतं.

हे काम ऑनलाइन आणायला १९८८ मध्ये 'ट्रेडलिंक' कंपनी स्थापन झाली आणि १९९७ मध्ये तिची सेवा सुरू झाली. बरीच वर्षं तिची मक्तेदारी होती, पुढे इतर कंपन्याही आल्या. संगणक न वापरणाऱ्यांची सोयही ठेवली होती: कागदी फॉर्म सेवा केंद्रावर द्यायचा, टाइप ते करणार. २०१८ पासून सरकार 'ट्रेड सिंगल विंडो' टप्प्याटप्प्याने आणत आहे, म्हणजे तीच माहिती वेगवेगळ्या खात्यांकडे पुन्हा पुन्हा भरायला नको.

परवान्याच्या मालाला मात्र ही १४ दिवसांची ऐसपैस सवलत पुरत नाही. मुंबईच्या हिरे व्यापाऱ्यांना हे चांगलं ठाऊक असतं. पैलू पाडलेल्या हिऱ्यांना परवाना लागत नाही, पण कच्च्या हिऱ्यांसोबत किंबर्ली प्रमाणपत्र हवंच.