कालियाचा डोह : पडद्यावरचा आणि पोथीतला

बऱ्हाणपूर हे तापीच्या काठचे नगर. पुराणांनी तापीला सूर्यकन्या मानले आहे. या नात्याने ती यमुनेची बहीण ठरते. अशी नदी दाराशी असतानाही १६१५ च्या सुमारास, अब्दुर्रहीम खानखानान येथे सुभेदार असताना, सातपुड्याच्या पायथ्याचे पाणी जमिनीखालून नगरात आणणारी कुंडी भंडाऱ्याची योजना आकाराला आली. शत्रूने तापीच्या पाण्यात विष कालवले तर लष्कराचे आणि रयतेचे काय होईल, ही भीती या योजनेमागे होती, असे सांगितले जाते. नदी विषारी होणे म्हणजे काय, याची कल्पना ज्या नगराने इतक्या गांभीर्याने केली, तेथील वाचकाला कालियामर्दनाची कथा केवळ बाळलीला म्हणून वाचता येणार नाही. ही कथा मराठी माणसाने एका पिढीत पडद्यावर पाहिली आणि अनेक पिढ्या पोथीत ऐकली. या दोन रूपांतले अंतर पाहण्याजोगे आहे.

पडद्यावरचे रूप धुंडिराज गोविंद फाळके यांचे. १९१०-११ च्या सुमारास मुंबईत ख्रिस्तचरित्रावरील चित्रपट पाहताना आपल्या डोळ्यांपुढे राम आणि कृष्ण, अयोध्या आणि गोकुळ उभे राहिले, असे त्यांनी पुढे ‘नवयुग’ मासिकातील लेखांत नमूद केले. १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला. कृष्णाला पडद्यावर यायला मात्र १९१८ साल उजाडले. त्या वर्षी नाशिकच्या हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनीने ‘श्रीकृष्णजन्म’ काढला आणि १९१९ मध्ये ‘कालियामर्दन’.

या चित्रपटातील कृष्ण म्हणजे फाळक्यांची सुमारे सात वर्षांची कन्या मंदाकिनी. ‘राजा हरिश्चंद्रा’त तारामतीची भूमिका साळुंके या पुरुषाला करावी लागली होती, येथे एका मुलीने गोकुळीचा कान्हा साकारला. कथेला आरंभ होण्यापूर्वीच फाळके तिला कॅमेऱ्यासमोर बसवून तिच्या चेहऱ्यावर एकामागून एक पालटणारे भाव प्रेक्षकांना दाखवतात आणि मग ती कृष्ण होते. पुढे सवंगड्यांच्या खोड्या आहेत, लोणीचोरी आहे, गोकुळातल्या मोठ्यांची उडालेली त्रेधा आहे. अखेरीस डोह, आणि पाण्यात नागाशी झुंज. फाळके जादूचे प्रयोगही करीत. ती हातचलाखी आणि छायाचित्रणाची जाण या दोहोंचा संयोग त्या झुंजीत झाला आहे. मुलांनी टाळ्या पिटाव्यात, असाच तो विजय आहे.

पोथीतले रूप याहून पुष्कळ गडद आहे. मराठी घराघरांत ही कथा पोहोचवली ती श्रीधरस्वामींच्या ‘हरिविजया’ने. शके १६२४ मध्ये, म्हणजे १७०२ च्या सुमारास, पंढरपुरी पूर्ण झालेला हा छत्तीस अध्यायांचा ग्रंथ कित्येक घरांत नेमाने वाचला जाई. मूळ कथा भागवताच्या दशम स्कंधात, पंधराव्या अध्यायाच्या अखेरीपासून सतराव्या अध्यायापर्यंत आली आहे. तेथे आरंभच मृत्यूने होतो. ग्रीष्माने तहानलेली गुरे आणि गोपबालक यमुनेचे पाणी पितात आणि काठावरच गतप्राण होतात. कृष्ण आपल्या अमृतदृष्टीने त्यांना उठवतो. पण मुले मरून पडल्याचे दृश्य श्रोत्याच्या मनातून पुसले जात नाही. डोहाचे पाणी विषाग्नीने उकळत असते, वरून उडणारे पक्षी त्यात कोसळतात, वाऱ्यावर आलेल्या तुषारांनी काठचे जीव मरतात.

कृष्ण कदंबावरून उडी घेतो आणि नाग त्याला वेटोळ्यांत आवळतो. व्रजातील सारे जण अपशकुनांनी घाबरून, धुळीत उमटलेल्या त्याच्या पावलांचा माग काढत डोहापाशी येतात. पाण्यात निश्चेष्ट दिसणारे मूल पाहून नंद डोहात शिरू लागतो. बलराम त्याला आवरतो. पुढे जे नृत्य होते तेही कोवळे नाही. एकशे एक फण्यांचा तो नाग प्रत्येक पदाघाताबरोबर विष आणि रक्त ओकतो.

परंतु पोथीचे खरे गांभीर्य याच्याही पुढे आहे. कालियाच्या पत्नी आपली पिले पुढे ठेवून कृष्णाला शरण जातात. आपल्या पतीला झालेला दंड न्याय्य आहे, तो अनुग्रहच आहे, असे म्हणून त्या त्याचे प्राण मागतात. शुद्धीवर आलेला कालिया जे बोलतो ते वाचकाला अडवून धरते. आम्ही जन्मतःच दुष्ट, दीर्घद्वेषी. ही सृष्टी आणि तीतले स्वभाव तूच निर्माण केलेस. तो स्वभाव आम्ही आमच्या बळावर कसा टाकावा? कृष्ण या प्रश्नाचा प्रतिवाद करीत नाही. तो नागाला मारतही नाही. समुद्राकडे जायला सांगतो.

हा नाग यमुनेत आला कसा, हे सतराव्या अध्यायात कळते. रमणक द्वीपावरील सर्प गरुडाला ठरलेला बळी देत असत. कालियाने तो स्वतःच खाल्ला, गरुडाने त्याला झोडपले, आणि सौभरी ऋषींच्या शापामुळे गरुडाला जेथे येता येत नव्हते अशा या डोहात त्याने आसरा घेतला. गोकुळाच्या पाण्यात विष कालवणारा स्वतः भयाने पळालेला होता. कृष्ण त्याला परत पाठवताना सांगतो की, तुझ्या फण्यांवर माझी पावले उमटली आहेत, आता गरुड तुला खाणार नाही. पराभवाची खूण हेच त्याचे अभयपत्र ठरते.

हे सारे चित्रपटात पुरते उतरले नाही, यात फाळक्यांचा दोष नव्हे. नागपत्नींचे स्तवन आणि कालियाचे उत्तर हे शब्दांचे प्रसंग. मूकपटाला ते पेलणारे नव्हते. तरीही पोथीतले भय फाळक्यांनी एका जागी अचूक पकडले आहे. झुंज चालू असता कॅमेरा पुनःपुन्हा काठावरच्या घाबऱ्या झालेल्या माणसांकडे वळतो. भागवतातही त्या क्षणी काठावरचे लोक देव पाहत नाहीत, संकटात सापडलेले आपले मूल पाहतात. त्या लोकांची तगमग टिपणाऱ्या दिग्दर्शकाची स्वतःची मुलगी त्या वेटोळ्यांत होती, ही गोष्ट आज तो चित्रपट पाहताना विसरता येत नाही.

मुलांना काय द्यावे, हा प्रश्न यातून उभा राहतो. चित्रपट त्यांना अभय देतो, आणि लहान वयात ते हवेच. पण विजयाच्या आनंदावरच कथा थांबली, तर हरलेल्याचे म्हणणे ऐकण्याची सवय लागत नाही. ती सवय पोथी लावते. आधी भय दाखवते आणि मग दया. लहानपणी चित्र पाहिलेल्याने मोठेपणी ग्रंथ उघडावा, हाच या दोहोंतला योग्य क्रम म्हणता येईल.

त्यासाठी दोन्ही जतन व्हावी लागतात. फाळक्यांच्या बहुतेक चित्रपटांचा मागमूस उरला नाही. ‘कालियामर्दना’चा मात्र बराच भाग पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात सुरक्षित राहिला, म्हणून मंदाकिनीचा तो बालकृष्ण आजही पाहता येतो. ‘हरिविजया’ला हस्तलिखितांनी, मग छापखान्यांनी आणि पुढे गावोगावच्या ग्रंथालयांनी सांभाळले. भागवतातील अध्यायाच्या शेवटी यमुनेचे पाणी निर्विष आणि अमृतासारखे गोड होते. तापीकाठच्या वाचकाने तेथवर वाचावे. पण पाणी गोड होण्याआधी त्या डोहातून कोण बोलला, तेही ऐकावे.